बँकॉकचा पहिला दिवस: दोघे जण, माणशी १५०० बाट, कसं बसवायचं?

खानापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी आणि मामेभाऊ, दोघेही पहिल्यांदाच देशाबाहेर निघालोय. बंगळूरूहून रात्रीचं विमान, बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर पहाटे सहाला उतरणार. हॉटेल अजून बुक केलेलं नाही, आणि बहुतेक ठिकाणी खोली दुपारी दोनला मिळते असं दिसतंय. पहिल्या दिवसाला राहणं, खाणं, फिरणं धरून माणशी १५०० बाट ठेवलेत. मामेभाऊ पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का आहे, त्याचं काही अडतं का?

विचारायचं एवढंच:
विमानतळावरून शहरात स्वस्तात कसं जायचं, पैसे कुठं बदलायचे, दोन वाजेपर्यंत बॅगा घेऊन काय करायचं, आणि पहिल्या दिवशी काय बघायचं? ग्रँड पॅलेस त्याच दिवशी उरकावा असं मनात आहे. फसवाफसवीबद्दल बरंच ऐकलंय, तेवढं नीट सांगा.

---

टिळकवाडीकर

ग्रँड पॅलेस पहिल्या दिवशी नको, हे आधी सांगतो, मग बाकीचं. तिकीट ५०० बाट, तिकीट खिडकी दुपारी साडेतीनला बंद, आत सावली कमी, गर्दी भरपूर आणि नीट बघायला अडीच-तीन तास लागतात. रात्रभर विमानात जागलेल्या माणसाला ते उन्हात नुसतं चालणंच होतं. भिंतींवर रामायणाची १७८ चित्रं आहेत, थाई लोक त्याला रामाकियेन म्हणतात. आपल्या माणसानं ती एकेक करून बघायला पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दार उघडतानाच जा.

पहिल्या दिवसाचं गणित खरं तर हॉटेल कुठं घेता त्यावर ठरतं. बँकॉकमध्ये स्वस्त खोली सगळीकडे मिळते, पण स्टेशनपासून दोन किलोमीटर आत असली तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वर उन्हात वेळ जातो तो वेगळा. तुमच्यासाठी फया थाई किंवा त्याच्या पुढचं राचाथेवी, हे दोन भाग बघा. कारण विमानतळाची रेल्वे थेट फया थाईलाच संपते आणि शहराची उंचावरची मेट्रो, म्हणजे बीटीएस, तिथंच मिळते. वसतिगृहातली खाट साधारण ३००–५०० बाटमध्ये येते. दोघांत एक साधी खोली घेतली तरी खर्च तेवढ्यातच बसतो. नकाशात अंतर बघताना स्टेशनच्या नावापासून न बघता स्टेशनच्या जिन्यापासून बघा, आणि ५०० मीटरच्या पुढे जाऊ नका.

खाओ सान रोडला सगळे जातात म्हणून तुम्ही जाऊ नका. तिथं रेल्वे नाही. विमानतळावरून एस-१ नावाची बस ६० बाटमध्ये जाते, पण रस्त्यात कोंडी झाली की तासाचे दोन तास होतात. शिवाय रात्री उशिरापर्यंत गाण्याचा दणका असतो. झोप राहिलेल्यांनी टाळावं.

आता उतरल्यापासून क्रमानं.

विमानातून बाहेर आलात की इमिग्रेशनपर्यंत बरंच चालावं लागतं. आधीच शौचालयाला जाऊन या, रांगेत उभं राहिल्यावर जाता येत नाही. घड्याळ दीड तास पुढं करा: बेळगावात साडेचार वाजतात तेव्हा तिथं सहा. रांगेत पासपोर्ट, टीडीएसीचा (थायलंडच्या आगमनाच्या ऑनलाइन फॉर्मचा) क्यूआर कोड, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हे चारही कागदावर छापलेलं हातात ठेवा. मोबाईलमध्ये असलं तरी कागद ठेवा. बॅटरी संपलेला मोबाईल तिथं चालत नाही. तिथं बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, क्वचित किती दिवस, कुठं राहणार एवढं विचारतात. उत्तर थोडक्यात द्यायचं.

बॅग घेऊन बाहेर आलात की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असता. इथं "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्या कुणाच्याही मागं जायचं नाही. सरळ खाली, तळमजल्याच्याही खाली बी पातळीवर जायचं. एअरपोर्ट रेल लिंक तिथनंच सुटते. पैसे बदलायचे चांगले काउंटरही तिथंच, रेल्वेच्या वाटेवर आहेत.

रेल्वेचं भाडं फया थाईपर्यंत ४५ बाट, वेळ अर्ध्या तासाच्या आत. अंतर बेळगाव-खानापूरपेक्षा थोडं जास्त धरा. गाडी विमानतळापासूनच सुरू होते, त्यामुळं बसायला मिळतं. पण सात ते साडेआठच्या दरम्यान वाटेतल्या स्टेशनांवर ऑफिसची गर्दी चढते. मोठी बॅग दारात ठेवली तर लोकांना उतरता येत नाही. बॅग पायाजवळ, आणि आत सरकून बसा.

तिकिटाच्या यंत्राबद्दल एक. पडद्यावर आधी इंग्रजी निवडायचं, मग स्टेशन, मग माणसं दोन. पैसे टाकले की प्लास्टिकची गोल चकती मिळते. आत जाताना ती फाटकावर टेकवायची, बाहेर पडताना फटीत टाकायची. ती हरवली तर दंड भरावा लागतो, म्हणून खिशात सुट्या नाण्यांबरोबर ठेवू नका. यंत्र हजाराची नोट घेत नाही. पैसे बदलताना "स्मॉल" म्हणून शंभराच्या आणि विसाच्या नोटा मागून घ्या, नाहीतर पहिल्याच यंत्रापुढं अडकता. बसवाला, बोटवाला, फळवाला, सगळे हजाराची नोट बघून मान हलवतात.

आठच्या सुमारास हॉटेलवर पोचाल. खोली दोनला मिळाली तरी बॅगा तिथल्या माणसाकडं फुकट ठेवता येतात. स्वच्छतागृह वापरू द्या म्हटलं तर देतात. काही ठिकाणी किल्लीसाठी अनामत घेतात, ती जाताना परत मिळते. पण ती रोखीत मागतात, म्हणून हाताशी ठेवा. पासपोर्ट बघून नोंद करतात, तो त्यांचा नियम आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत घ्यायचा, त्यांच्याकडं ठेवून जायचं नाही.

तोंड धुवून नऊ-साडेनऊला निघा. फया थाईहून बीटीएसनं सियाम. तिथं समोरच्याच फलाटावर दुसरी मार्गिका मिळते, जिना चढायचा नाही. बांग वा दिशेच्या गाडीत बसा आणि सफान ताकसिनला उतरा. खाली नदी, समोर साथोर्न धक्का. इथं पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या बोटीची दिवसभराची तिकिटं विकणारे आधी पुढं येतात. तुम्हाला नारिंगी झेंड्याची बोट पाहिजे, १६ बाट, कितीही लांब जा. वरच्या अंगाला, म्हणजे नोंथाबुरीकडं जाणारी. बोट लाकडी धक्क्याला येते ती थांबते जेमतेम अर्धा मिनिट. मागं उभा असलेला माणूस शिटी वाजवून चालकाला सांगतो, अजून पुढं, अजून मागं, आणि दोर खुंटाला अडकवतो. शिटी थांबली की चढायचं, तोवर नाही. आत कंडक्टरबाई लोखंडी नळी खुळखुळवत येतात, त्याच नळीत तिकिटं आणि सुटे असतात. विसाची नोट काढून ठेवा.

था तियेनला उतरलात की वाट फो (थाईत वाट म्हणजे देऊळ) पाच मिनिटांवर. तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या तुकड्यांत १०८ शुभचिन्हं जडवलेली आहेत. लोक डोक्याकडून बघून पुढं सरकतात, तुम्ही तळपायांपाशी थांबा, कोवळ्या उन्हात तो शिंपला निळा-गुलाबी चमकतो. मागच्या बाजूला काशाची भांडी ओळीनं मांडलीत, त्यात नाणी टाकत जायची. त्याचा आवाज सगळ्या दालनात भरून राहतो. वाट फोमध्ये बसायला सावलीच्या जागा आहेत, म्हणून पहिल्या दिवसाला हेच बरं.

तिथनं ५ बाटमध्ये नाव पलीकडं जाते, समोर वाट अरुण. आत जायचं तर २०० बाट. नाही गेलात तरी काठावरून शिखर पूर्ण दिसतं. परत ५ बाट. मग सनाम चाई मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटं. स्टेशनाच्या आत खांब आणि छत जुन्या राजवाड्यासारखं केलंय, तेवढं वर बघून या. शेजारीच पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार, रात्रंदिवस चालू, फुकट. झेंडूचे ढीग आणि हार बघून आपल्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा बाजार आठवेल.

दोनला खोलीवर या, झोपा, पण साडेचारचा गजर लावून. त्यापुढं झोपलात तर रात्री डोळा लागत नाही आणि दुसरा दिवसही जातो.

हिशोब माणशी असा: विमानतळ रेल्वे ४५, खाट ४००, दिवसभराची मेट्रो २२०, बोट आणि नाव २६, वाट फो ३००, जेवण ३००, पाणी-फळं ६०. झाले १३५१. जे उरतात ते हाताशी असू देत, लगेच खर्चायचं बघू नका.

---

शहापूर_पेठ

टिळकवाडीकरांनी वाट बरोबर सांगितली. मी पैशांचं सांगतो, कारण खरी गळती तिथं होते.

बाट बेळगावातून नेऊ नका. इथं बाटचा दर फार पडतो, आणि मिळतीलच असं नाही. डॉलर न्या. परवाना असलेल्या दुकानातून किंवा बँकेतून घ्या, पावती ठेवा. पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख देऊन विदेशी चलन घेता येतं, त्यापुढं खात्यातून द्यावे लागतात. एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तुम्हाला तेवढे लागणारच नाहीत.

नोटा शंभराच्या आणि पन्नासच्या, नव्या, न दुमडलेल्या मागा. बँकॉकमधले काउंटर मोठ्या नोटांना जास्त दर देतात, वीस-दहाच्या नोटांना कमी. शाई लागलेली, कोपरा फाटलेली, शिक्का मारलेली नोट परत करतात. पाकिटात घडी घालू नका, पासपोर्टच्या पानांत सपाट ठेवा. रुपयेही तिथं घेतात, पण दर डॉलरइतका चांगला बसत नाही. तरी घरी परतताना बंगळूरूत लागतील म्हणून चार-पाच हजार जवळ असू देत. भारतातून बाहेर जाताना २५ हजार रुपयांपर्यंत न्यायची परवानगी आहे.

विमानतळावर वरच्या मजल्यावर बँकांचे काउंटर रांगेत दिसतात. त्यांचा दर खाली बी पातळीवरच्या काउंटरांपेक्षा चांगलाच कमी असतो. सुपररिच नावाचे काउंटर खाली आहेत, नारिंगी किंवा हिरव्या पाटीचे. एकाच नावाच्या वेगवेगळ्या कंपन्या आहेत, दोन्ही चालतात. फलकावर दोन रकाने असतात, एक ते विकत घेतात त्याचा, एक विकतात त्याचा. तुम्ही डॉलर देताय म्हणून "बाइंग" बघायचं. पासपोर्ट मागतील. नोटा खिडकीसमोरच मोजा, तिथून हलल्यावर तक्रार चालत नाही. पहाटे खालचं काउंटर उघडलं नसलं तर वर फक्त पन्नास डॉलर बदला, बाकीचे शहरात.

एटीएम हा शेवटचा उपाय. तिथल्या बँका परदेशी कार्डावर एका वेळी २२० बाट किंवा जास्तही कापतात, रक्कम कितीही असो. दोन हजार बाट काढले तर ते ११ टक्के झाले, दहा हजार काढले तर २.२ टक्के. म्हणून काढायचेच तर एकदम. यंत्र विचारतं, "रुपयांत बदलून देऊ का?" तिथं नाही म्हणायचं, म्हणजे बाटमध्येच व्यवहार करायचा. हो म्हटलंत की दर त्या यंत्राच्या बँकेचा लागतो आणि तो नेहमी महाग असतो. दुकानात कार्ड देतानाही हाच प्रश्न येतो.

कार्ड चालायचं असेल तर निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करा. २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशात चालतील अशीच मिळतात, आणि बरेच जण तिथं गेल्यावर हे बघतात. चालू करायला ओटीपी लागतो, ओटीपीला आपलं सिम लागतं, सिमला रोमिंग लागतं, असं सगळं एकात एक अडकतं. म्हणून आपल्या सिमवर परदेशातली रोमिंग सेवा घरूनच सुरू करा. डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल वाढेल. इंटरनेटसाठी ई-सिम घरीच घ्या किंवा विमानतळावर पर्यटकांचं सिम, पासपोर्ट दाखवून.

यूपीआयवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक गाड्यावर क्यूआर दिसेल, तो तिथल्या बँकांचा आहे.

आणि नाणी. आपलं दहाचं नाणं बाहेरून पिवळं, आत पांढरं. त्यांचं दहा बाटचं नाणं उलटं, बाहेरून पांढरं आणि आत पिवळं. खिशात दोन्ही एकत्र राहिली की यंत्रात चुकीचं जातं आणि यंत्र ते परत फेकतं. आपली नाणी घरीच ठेवून जा. नोटांचे रंग पाठ करा: २० हिरवी, ५० निळी, १०० लाल, ५०० जांभळी, १००० तपकिरी. रात्री घाईत लाल आणि तपकिरीची चूक नऊशे बाटला पडते.

---

चिक्कोडी_अक्का

ईसीआरचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. हा शिक्का म्हणजे नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाताना परवानगी लागते, आणि त्या यादीत थायलंड आहे. फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही. पण बंगळूरूच्या इमिग्रेशनवर तुमच्या मामेभावाला दोन प्रश्न जास्त विचारतील. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खात्याचं विवरण आणि इथं काय काम करतो त्याचा कागद त्याच्या स्वतःच्या हातात द्या. तुम्ही पुढं होऊन त्याच्या वतीनं बोलायला जाऊ नका, अधिकाऱ्याला त्याच्याकडूनच ऐकायचं असतं. विमानाच्या निदान तीन तास आधी पोचा. आपली रेल्वे मॅजेस्टिकला सोडते आणि विमानतळ तिथनं पस्तीसेक किलोमीटर, संध्याकाळच्या गर्दीत दोन तास धरा. विमानतळाची वायू वज्र बस मॅजेस्टिकहूनच सुटते. परदेशाची विमानं टर्मिनल दोनवरून.

टीडीएसी म्हणजे थायलंडचा आगमनाचा फॉर्म. १ मे २०२५ पासून सक्तीचा आहे. उतरायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतो, आणि पूर्ण फुकट आहे. शोधलं की पैसे मागणारी साईट वर दिसते, ती सरकारी नव्हे. सरकारी साईटच्या पत्त्यात शेवटी "गो डॉट टीएच" असतं. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडं आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, कन्नडमधून इंग्रजीत आणताना तिसरं असं झालेलं असतं. पासपोर्ट तेवढा खरा मानायचा. विमानाचं तिकीटही त्याच नावानं. जुन्या पासपोर्टवर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी असलं तर घाबरू नका, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं म्हणून ते वेगळं दिसतं.

व्हिसाचं: जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय अशी सवलत दिली होती. असे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या साईटवर बघाच. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली पाहिजे.

आता जेवण. तिथं "व्हेज" म्हटलं की मांस काढतात, पण माशाचा रस राहतो. नाम प्ला म्हणतात त्याला, आपण मीठ टाकतो तसा ते प्रत्येक भाजीत टाकतात. भाज्यांच्या परतण्यात कालवांचा सॉस, रश्शाच्या वाटणात सुकी कोळंबी. म्हणून शब्द पाहिजे "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, इंग्रजी सतरासारखं दिसतं. ते जिथं दिसेल तिथं मांस, मासा, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणसुद्धा नसतो. "मांगसाविरात" म्हटलं तर अंडं येऊ शकतं. तुमच्या भावानं "किन जे" म्हणायचं, आणि "माय साय नाम प्ला, माय साय खाय" म्हणजे माशाचा रस नको, अंडं नको. खायमधला ख नीट उच्चारा. त्यापेक्षा थाई लिपीत लिहिलेला कागद मोबाईलमध्ये फोटो करून ठेवा, तो दाखवलेला बरा.

पहिल्या दिवशी पोटाला नवं फार देऊ नका. सनाम चाईच्या पुढच्याच साम योत स्टेशनाला उतरलात की फाहुरात, तिथं भारतीय वस्ती आहे, कापडाची दुकानं, मोठा गुरुद्वारा. पोळी-भाजी, डोसा मिळतो, पण थाई जेवणापेक्षा महाग. स्वस्तात पाहिजे तर असोक स्टेशनला लागून टर्मिनल २१ मॉल, त्यात वरच्या मजल्यावर पिअर २१ नावाची खाणावळींची रांग. आधी खिडकीवर शंभर-दीडशे भरून कार्ड घ्यायचं, गाड्यावर ते दाखवायचं, उरलेले त्याच दिवशी परत. ताटली साठ बाटच्या आत येते, शाकाहारी गाडाही आहे. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात दोघांनाही चालेल.

पाव घेताना जपून, बऱ्याच पावांवर वाळवलेल्या डुकराच्या मांसाचा भुसा असतो, तो खवलेल्या खोबऱ्यासारखा दिसतो. नळाचं पाणी पिऊ नका. घरनं भडंग, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, दोन नाश्ते निघतात. खव्याचं, दुधाचं काही नेऊ नका.

---

निपाणी_मेट्रो

तिकिटांबद्दल थोडी भर. शहरात बीटीएस वेगळी, जमिनीखालची एमआरटी वेगळी. एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही, बदलताना फाटकाबाहेर येऊन नवीन काढायचं. दोन्हीकडं भाडं १७ बाटपासून. एमआरटीला व्हिसा-मास्टरकार्डचं टेकवायचं कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस, आणि आत ज्या कार्डानं गेलात त्याच कार्डानं बाहेर. मोबाईल आणि कार्ड अदलाबदल केली की फाटक उघडत नाही. परदेशी चलनाचा अधिभार कापणारं कार्ड असलं तर चकतीच घ्या.

परतताना सनाम चाईहून एमआरटीनं सी लोम, वर येऊन साला डेंगहून बीटीएस, फया थाई. संध्याकाळी चारच्या पुढं सात-साडेसातपर्यंत बीटीएसमध्ये उभं राहायला जागा नसते, तेव्हा तो वेळ खोलीवर किंवा चालण्यात घालवा. गाडीत खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं, सगळे जिथल्या तिथं थांबतात. तुम्हीही थांबा. सकाळी आठलाही तसंच. भिक्खूंच्या राखीव जागेवर बसू नका.

नावं उच्चारताना: इंग्रजीत पीएच लिहिलेलं असलं तरी तो फॅनमधला फ नव्हे, फळातला फ. आपल्याला तो येतोच. परतीच्या वेळी टॅक्सीवाल्याला "सुवर्णभूमी" कळत नाही, "सुवन्नाफूम" म्हणा.

रात्री उशिरा उतरणारं विमान असलं आणि रेल्वे बंद झाली असली तर पहिल्या मजल्यावर अधिकृत टॅक्सीचं यंत्र आहे. बटण दाबलं की चिठ्ठी येते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी गाडी उभी. मीटर ३५ पासून, त्यावर विमानतळाचे ५० आणि द्रुतगतीचा टोल तुमचा. मीटर न टाकता एकदम आकडा सांगितला तर उतरून दुसरी घ्या. चिठ्ठी गाडीवाल्याला देऊ नका, तक्रार करायला तीच लागते.

---

खानापूरचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. ईसीआरचं ऐकून भावाचा जीव खाली आला. ग्रँड पॅलेस दुसऱ्या दिवसावर ढकलला. दोनच गोष्टी राहिल्या: रस्त्यातली फसवणूक नेमकी कशी होते? आणि कपडे कुठले न्यायचे, आम्ही हाफ पँटच भरल्या होत्या.

---

टिळकवाडीकर

फसवणूक ठरलेल्या वाटेनंच होते, ती माहीत असली की ओळखू येते. ग्रँड पॅलेस किंवा वाट फोच्या भिंतीलगत चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस भेटतो. कुठून आलात विचारतो, भारत म्हटलं की आनंद दाखवतो, मग सांगतो आज राजवाडा दुपारपर्यंत बंद, पूजा आहे. दुसरा माणूस तेच सांगतो. तोवर टुकटुक उभी असते, चार देवळं दाखवून वीस बाट. वीस बाटमध्ये इंधनसुद्धा निघत नाही, पैसे तो दुकानाकडून घेतो. शेवटी माणिक-नीलमच्या किंवा सूट शिवायच्या दुकानात नेऊन बसवतात. तिथं "निर्यातीच्या दरात घ्या, भारतात दुप्पट" असं चालतं. खडे काचेचे नसतात, खरेच पण हलके असतात, म्हणून परत करायला जागा राहत नाही. उपाय एकच: बंद आहे की नाही ते फक्त तिकीट खिडकीच्या माणसाला विचारायचं. वाटेत कोणी सांगितलं तर हसून पुढं चालत राहायचं, थांबून वाद घालायचा नाही.

टुकटुकमध्ये बसायचंच असेल तर आपल्या स्टँडवर रिक्षा ठरवतो तसं बसायच्या आधी ठरवा, दोघांचे मिळून की माणशी ते बोटं दाखवून पक्कं करा. मोबाईलवर ग्रॅब किंवा बोल्ट उघडून तेवढ्याच अंतराचं भाडं बघून घेतलं की बोलायला आकडा हाती राहतो.

कपडे: गुडघा आणि खांदा झाकलेला पाहिजे, वाट फोला आणि राजवाड्याला दोन्हीकडं. पातळ सुती पूर्ण पँट एकेक न्या, जीन्स नको, घामानं अंगाला चिकटते. पायात सहज काढता येणारी चप्पल, कारण दिवसातून पाच-सहा वेळा काढावी लागते. एक पंचा जवळ ठेवा, घाम पुसायला, डोक्यावर घ्यायला आणि मे ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर पाऊस आला की मोबाईल गुंडाळायला. चार्जरचं आपलं दोन गोल पिनांचं बसतं, तीन जाड पिनांचं बसत नाही.

---

चिक्कोडी_अक्का

अजून एक, हे हलक्यानं घेऊ नका. परत येताना कुणाचीही बॅग, खोका, चॉकलेटचं पाकीट "बंगळूरूत माझा माणूस घेईल" म्हणून आणू नका, ओळखीचा असला तरी. बँकॉकहून येणाऱ्यांच्या बॅगांत गांजा सापडून बंगळूरू आणि मुंबईच्या विमानतळांवर कितीतरी पोरं अटकेत गेलीत, त्यातल्या काहींना फुकट तिकिटाचं आमिष होतं. तिथल्या दुकानात उघड दिसतो म्हणून इथं चालतो असं नाही, आपल्या कायद्यात जामीनसुद्धा अवघड आहे. आणि जाताना इलेक्ट्रॉनिक सिगारेट नेऊ नका, थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे.

पर्यटक पोलीस ११५५, इंग्रजी बोलतात. रुग्णवाहिका १६६९. आपला दूतावास सुखुम्वित सोई २३ मध्ये, असोक स्टेशनपासून चालत. हे तिन्ही कागदावर लिहून मोबाईलच्या कव्हरमागं नको, पँटच्या खिशात ठेवा. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची एक झेरॉक्स तुमच्या बॅगेत, एक भावाच्या, आणि एक खानापूरला घरी देऊन जा.

---

निपाणी_मेट्रो

संध्याकाळी याओवारात, म्हणजे चिनी वस्तीतला खाण्याचा रस्ता बघायचा विचार असला तर पहिला दिवस सोमवार नाही ना ते बघा, सोमवारी बरेच गाडे लागत नाहीत. स्टेशन वाट मांगकोन. तुमच्या भावाला तिथं फळं, भाजलेले चेस्टनट आणि डाळिंबाचा रस एवढंच मिळेल, त्याला आधी फाहुरातला जेवू घाला. दोन्ही स्टेशनं शेजारीशेजारी आहेत.